कादंबरी सुचवताना या चुका टाळा

“एखादी चांगली कादंबरी सुचवा ना,” असं कुणी म्हटलं की क्षणात दहा नावं येऊन पडतात. बहुतेक सगळी सुचवणाऱ्याच्या आवडीची. विचारणाऱ्याला काय हवंय, हे कुणी विचारलेलंच नसतं. या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण भलतंच पुस्तक हातात पडलेला माणूस सहसा पुन्हा विचारायला येत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसता प्रकार बघून पुस्तक देणं. ‘मृत्युंजय’ आवडली? मग ‘स्वामी’ घ्या, दोन्ही जुन्या काळातल्याच! अहो, पण ‘मृत्युंजय’मध्ये आवडलं काय? कुणाला महाभारत हवं असतं. कुणाला भावते ती सांगण्याची रीत, म्हणजे कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण आपापल्या तोंडून बोलतात ती. अशा वाचकाला मी ‘ययाति’ देते. तिथेही ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. ‘स्वामी’ राखून ठेवते ती थोरल्या माधवरावांचा दरबार आणि संसार दोन्ही वाचायचे आहेत त्याच्यासाठी.

माझ्या ओळखीच्या एक बाई फक्त रहस्यकथा वाचायच्या. एकदा त्यांनी आमच्या वाचकगटात “काहीतरी वेगळं द्या” म्हणून विचारलं. एका उत्साही सभासदाने ‘कोसला’ दिली, वर “ही वाचली नाही तर काहीच वाचलं नाही” असंही ऐकवलं. ‘कोसला’ थोर आहे, त्यात वादच नाही. पण पुढे काय होणार या उत्सुकतेवर ती चालत नाही, तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या बोलण्याच्या लयीवर चालते. बाई थोड्या पानांतच अडकल्या. “मला साहित्य कळत नाही” असं म्हणत गटात यायच्याच बंद झाल्या. पुढे भेटल्या तेव्हा मी विचारलं, रहस्यकथेत तुम्हाला नेमकं काय आवडतं? “साक्षीपुरावे, उलटतपासणी. कोण कुठे अडकतो ते बघायला,” त्या म्हणाल्या. मी ‘रारंग ढांग’ दिली. हिमालयात रस्ता बांधणारा तरुण इंजिनियर, वरिष्ठांशी मतभेद आणि शेवटी लष्करी न्यायालय. खुनाचं रहस्य नाही, पण चूक कुणाची हा ताण आहेच. त्यांनी ती संपवली आणि आपणहून ‘बनगरवाडी’ मागून नेली.

म्हणून मी आधी दोन गोष्टी विचारते. शेवटची पूर्ण वाचलेली कादंबरी कोणती? आणि अर्धवट कोणती टाकली, कुठे टाकली? दुसऱ्या उत्तरातून जास्त कळतं. मग एकच पुस्तक सांगते, फार तर दोन. लांबलचक यादी डकवणं हा सोपा रस्ता आहे, आणि त्यात वाचकाचा विचार अजिबात नसतो.

दुसरी चूक म्हणजे उत्साहात कथानक सांगून टाकणं. सुरुवातीची परिस्थिती सांगा आणि थांबा. एक अपवाद मात्र मी कटाक्षाने पाळते. ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलंय, त्याला ‘कोसला’ देण्याआधी त्यातल्या मनीच्या, म्हणजे नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मृत्यूबद्दल एका वाक्यात सांगते. तिथे थोडी उत्सुकता गेली तरी चालेल.

स्वतः न वाचलेलं सुचवू नका. दोन-चार कादंबऱ्या वाचून लगेच सगळ्यांना मार्गदर्शन करायला निघालेल्यांनी आधी आणखी वाचावं.

पुरस्कार हे कारण होऊ शकत नाही. खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, एवढ्यावरून ‘ययाति’ समोरच्याला रुचेल की नाही हे कसं कळणार?

‘युगांत’ कादंबरी म्हणून देऊ नका. इरावती कर्व्यांचे ते महाभारतावरचे लेख आहेत. कथा शोधत आलेला वाचक गोंधळतो.

जाडी आधी सांगा. बऱ्याच दिवसांनी वाचायला बसणाऱ्याला ‘बनगरवाडी’ झेपते, ‘हिंदू’ दडपण आणते.

अनुवाद सुचवताना अनुवादकाचं नावही सांगा, नाहीतर भलतीच प्रत हाती येते.

आणि मालिकेचा क्रम सांगायला विसरू नका. चांगदेव या एकाच नायकावरच्या नेमाड्यांच्या चार कादंबऱ्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ अशाच वाचायच्या. ‘झूल’ आधी हाती लागली असेल, तर ‘बिढार’ मिळेपर्यंत ती उघडू नका असं मी स्पष्ट सांगते.