बाळाचं लाळेरं शिवताना: उरेब पट्टी कुठे ओढायची, कुठे सोडायची

मैत्रिणीच्या बाळासाठी हाताने काही करायचं मनात आलं की मी लाळेरंच शिवते. विणलेला स्वेटर पूर्ण होईपर्यंत बाळ एक माप पुढे गेलेलं असतं. लाळेरं एका बैठकीत होतं, दात येण्याच्या दिवसांत दिवसाला चार-चार लागतात, आणि धुऊन धुऊन मऊ होत जातं. मात्र शिवायला सांगणारे बहुतेक जण शेवटी एकच वाक्य टाकून मोकळे होतात: “आता कडेला पायपिन, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावून घ्या.” सगळं लाळेरं तिथेच अडतं. म्हणून मी बाकीचं भराभर सांगते आणि पट्टीवर थांबते.

पुढच्या बाजूला सुती कापड, मागे टॉवेलचं कापड. दोन्ही आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड आटतं आणि टॉवेलचं त्याहून जास्त आटतं. न धुता शिवलंत तर पहिल्याच धुण्यात लाळेरं मागच्या बाजूला ओढलं जाईल. पॉलिएस्टर कितीही गोंडस छापाचं असलं तरी नको. लाळ त्याच्यावरून ओघळते आणि हनुवटीखालची कातडी ओलीच राहते.

कागदावर नमुना काढा: रुंदी २० सेंटिमीटर, गळ्याच्या गोलाचा व्यास ९ सेंटिमीटर, गळ्याखाली १८ सेंटिमीटर लांबी, आणि मानेमागे एकमेकांवर चढतील अशा ४ सेंटिमीटर रुंदीच्या दोन शेपट्या. सगळे कोपरे गोल ठेवा. कडेला पट्टी लागणार असल्यामुळे शिलाईसाठी जास्तीचं कापड सोडायचं नाही. दोन्ही थर उलट्या बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवा आणि कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत सगळीकडून एक टीप मारून घ्या. टॉवेलच्या कापडाला १४ नंबरची सुई लावा, बारीक सुई टाके गाळते.

आता पट्टी.

उरेब पट्टी म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याच्या बरोबर मधून, ४५ अंशांत कापलेली. कापडाची किनार आडव्या धाग्यावर येईल अशी तिरकी घडी घाला. जी मोड पडते तीच खरी उरेब रेघ. तिला समांतर साडेचार सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. अंदाजाने तिरकं कापू नका. पट्टी नीट उरेब आहे का हे बघायचं तर दोन्ही टोकांनी हलकेच ताणा. सरळ राहून सारखी अरुंद झाली तर ठीक, पीळ बसला तर बाजूला ठेवा. पट्ट्या एकमेकींना काटकोनात ठेवून तिरक्या शिलाईने जोडा, म्हणजे जोडाची जाडी एका जागी साचत नाही. एका लाळेर्‍याला दीड मीटर जोडपट्टी पुरते. बाजारची तयार पट्टी बहुधा कडक असते आणि बाळाच्या मानेला घासते. पुढच्या कापडातूनच पट्टी काढलेली मला बरी वाटते.

माझं पहिलं लाळेरं मी “पट्टी जरा ओढून धरा” या सल्ल्यावर शिवलं. सगळीकडे ओढून धरली. तयार झाल्यावर टेबलावर ठेवलं तर खालची बाजू वाटीसारखी वर उचललेली, इस्त्रीनेही बसेना. दुसर्‍या वेळी चिडून कुठेच ओढली नाही. तेव्हा खालची बाजू सपाट आली, पण गळ्याची पट्टी मानेपासून सुटून उभी राहिली. दोन्ही लाळेरी मी कुणाला दिली नाहीत. समोर ठेवून उसवत बसले, तेव्हा कुठे घोळ लक्षात आला.

गळ्याची कड आत वळलेली असते. टीप पडते कडेपासून १ सेंटिमीटर आत, कापडावर, म्हणजे मोठ्या गोलावर. पट्टी उलटली की तिची घडी बसते कापलेल्या कडेवर, म्हणजे लहान गोलावर. मोठ्या गोलाची लांबी लहान गोलात मावत नाही, आणि जास्तीची पट्टी उभी राहते. म्हणून गळ्याला पट्टी किंचित ओढायची. मी १० सेंटिमीटर कडेला साधारण साडेनऊ सेंटिमीटर पट्टी धरते, त्याहून कमी नाही. जास्त ओढलीत तर गळा चुरगळतो.

खालच्या गोलाईला बरोबर उलट. तिथे टीप लहान गोलावर पडते आणि घडी मोठ्या गोलावर बसते. पट्टी ओढली तर ती कड आत खेचते, आणि वाटी होते ती यामुळे. गोलाईवर पट्टी सैल सोडा, बोटाच्या टोकाने सुईकडे थोडी थोडी ढकलत राहा. शेपट्यांच्या टोकांना सगळ्यात जास्त सोडावी लागते. सरळ बाजूंना ना ओढायचं, ना सोडायचं.

सुरुवात सरळ बाजूवरून करा. गळ्याशी किंवा शेपटीच्या टोकाशी जोड आला तर तो टोचतोही आणि दिसतोही. पट्टीची सुलट बाजू लाळेर्‍याच्या सुलट बाजूला लावून, कडेशी कड जुळवून, १ सेंटिमीटरवर टीप मारत चला. पहिले ८ सेंटिमीटर मोकळे सोडा. शेपटीच्या टोकाशी आलात की दर तीन-चार टाक्यांनी सुई कापडात खाली ठेवूनच मशीनचं फूट उचला, लाळेरं थोडं वळवा, पुन्हा पुढे. इथे घाई केली की चुणी पडते, आणि त्या जागी पडलेली चुणी उसवल्याशिवाय जात नाही.

वळणावर कात्रीने टोचे द्या असंही बरेच जण सांगतात. शिवण आतून उलटवायची असेल तर ते बरोबर आहे. इथे कड पट्टीच्या पोटात जाते, उलटत नाही. टोचे दिलेत तर टॉवेलचे धागे सुटतात आणि गळा पातळ पडतो. देऊ नका.

शेवटी दोन टोकं एकमेकांवर पट्टीच्या रुंदीइतकी, म्हणजे साडेचार सेंटिमीटर, चढतील अशी कापा. काटकोनात ठेवून तिरकं जोडा. कापण्याआधी टाचणीने जोडून कडेवर बसवून बघा. इथे तोकडी पडली तर नवा जोड द्यावा लागतो.

आता पट्टी मागे वळवा. मोकळी कड आत दुमडली की घडीने पहिली टीप जेमतेम झाकली पाहिजे. नख घडीवरून एकदा सरकवा, सुती कापड ती मोड धरून ठेवतं. मागची शिलाई मी मशीनवर करत नाही. सुई फक्त टॉवेलच्या थरातून आणि घडीच्या काठातून घेत, तीन-तीन मिलिमीटरवर हातटाके घालते. पुढून काहीच दिसत नाही. अर्धा तास लागतो, आणि मशीनवर वाकडी गेलेली टीप उसवायला याहून जास्त वेळ जातो.

टाचण्या लावताना मोजा आणि काढतानाही मोजा. टॉवेलच्या कापडात टाचणी पूर्ण बुडते. एकदा वाळलेलं लाळेरं दुमडताना माझ्याच बोटाला टोचली, तेव्हापासून मी इथे कापडाच्या क्लिपा वापरते.

मानेमागे टिचबटण लावा, दाबयंत्राने घट्ट बसवलेलं. दोन मापांना पुरेल अशी एका बाजूला दोन लावा. दोर्‍याने शिवलेलं बटण नको, सुटलं तर थेट तोंडात जातं. बांधायच्या नाड्याही नकोत. वेल्क्रो बाळाच्या मानेला ओरखडे काढतं आणि धुताना लोकरीच्या कपड्यांना चिकटतं.

देण्याआधी एकदा धुऊन वाळवा आणि आईला स्पष्ट सांगा की बाळ झोपलं की लाळेरं काढायचं.

धुतल्यावर एखादी कड उचलली गेलेली दिसली तर सगळी पट्टी काढू नका. तेवढ्याच भागाच्या दोन्ही शिलाया १० सेंटिमीटर उसवा. खालची गोलाई असेल तर पट्टी सैल सोडून, गळा असेल तर किंचित ओढून पुन्हा शिवा. इस्त्री वरून दाबून उचला, घासत नेऊ नका, नाहीतर उरेब कापड पुन्हा ताणलं जातं.