बारावा ठोका: मुलांसाठी घड्याळाची काळोखी गोष्ट कशी रचावी, कशी सांगावी

पावसाळ्यात गोव्यातल्या अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, आमच्या गावात वीज गेली की टीव्ही बंद, पंखा बंद, आणि ओसरीवरचं आजोबांच्या वेळचं लंबकाचं घड्याळ एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागतं. चालू ते दिवसभर असतंच, पण कुणाचं लक्ष नसतं. भाचरांना मी काळोख्या गोष्टी सांगायला लागलो तो त्या आवाजामुळे. अंधारात मुलं तशीही घाबरतात. त्या भीतीला धरायला काहीतरी दिलं तर ती घट्ट चिकटून बसतात आणि "मागीर? मागीर कितें जालें?" (मग? मग काय झालं?) विचारत राहतात. अशी गोष्ट कुणालाही रचता येते. मी कशी रचतो ते सांगतो.

आधी घड्याळ उघडून बघा

गोष्टीचा विचार नंतर. घरात, शेजारी किंवा ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे चावीचं जुनं घड्याळ असेल तर त्याचं दार उघडून अर्धा तास नुसतं बघत बसा. चावी फिरवली की आतली कमान गुंडाळली जाते. ती सुटायला धडपडत असते आणि तिच्या जोरावर चक्रं फिरतात. (गुंडाळलेल्या कमानीला हात लावू नका, मुलांना तर मुळीच लावू देऊ नका. ती सुटली तर बोट फाटतं.) ही कमान मोकळी सोडली तर चक्रं गरगरा फिरून आठ दिवसांची चावी बघता बघता संपेल. ती संपत नाही, कारण वर एक वाकडा पोलादी तुकडा लंबकाबरोबर डोलत असतो. तो शेवटच्या चक्राचा एक दाता अडवतो, सोडतो, पुढचा अडवतो. दाता त्या तुकड्यावर आपटला की "टिक" होतं.

म्हणजे टिकटिक हा चालण्याचा आवाज नव्हे, अडण्याचा आहे. हे कळलं त्या दिवशी गोष्ट सांगणंही मला निम्मं कळलं. भीती म्हणजे गुंडाळलेली कमान. ती एकदम सोडली तर मूल किंचाळतं आणि दोन मिनिटांत विसरतं. एकेक दाता सोडला तर श्वास धरून ऐकतं.

आता ठोक्यांची बाजू बघा. जुन्या घड्याळांत बऱ्याचदा खाचा पाडलेली एक चकती असते. दोन खाचांमधलं अंतर जितकं, तितके ठोके. एकासाठी जेमतेम, बारासाठी सगळ्यात लांब. एक ते बाराची बेरीज ७८, आणि अर्ध्या तासाचा एकेक धरला तर ९०. मुलांना ही बेरीज करायला लावा, पुढे गोष्टीत ती कामाला येते. या चकतीला काट्यांचा पत्ता नसतो. ती फक्त क्रमानं पुढे सरकते. म्हणून काटे हातानं भलतेच फिरवले तर घड्याळ पाच दाखवतं आणि आठ वाजवतं. रात्री असं घड्याळ ऐकलेल्या माणसाला भुताची वेगळी गोष्ट लागत नाही.

घड्याळाचा एकच नियम मोडा

काळोख्या गोष्टीत सगळंच अद्भुत असलं तर भीती वाटत नाही. सगळं जागच्या जागी ठेवायचं आणि एकच खिळा काढायचा.

आपल्याकडे याचा उत्तम नमुना आहे. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर ठेवली की २४ मिनिटांत भरून बुडते. ती एक घटिका, आणि अशा ६० घटिकांचा दिवस. 'घड्याळ' हा शब्द त्याच घटिकेच्या घरातला. भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा या वाटीचीच. लग्नाचा मुहूर्त एकच होता. वाटी बुडण्याची वाट बघत मुलगी वाकून पाहत राहिली. तिच्या दागिन्यातला एक मोती निसटून भोकात अडकला, पाणी आत येईना आणि मुहूर्त टळून गेला. इतिहास म्हणून ही कथा धरू नका, रचना म्हणून बघा. राक्षस नाही, शाप नाही. एक मोती, एक भोक, आणि कुणाच्या लक्षात न येता सरलेला वेळ.

युरोपातल्या प्राग शहराच्या चौकातलं घड्याळ मुळात १४१० सालचं. तिथे दर तासाला हाडांचा सापळा घंटेची दोरी ओढतो. असं दुसरं घड्याळ कुठे होऊ नये म्हणून ते करणाऱ्याचे डोळे काढले, अशी आख्यायिका तिथे सांगतात. तीही खरी नव्हे, पण मुलांना ती एकदा ऐकवली की विसरत नाहीत. घड्याळ करणाऱ्यानं काहीतरी गमावलं पाहिजे, हे गोष्टीचं जुनं गणित आहे.

माझ्या गोष्टीसाठी मी एक ठोका चोरला:

"मांडवीच्या काठावर एक गाव होता. तिथल्या भाटकाराला, म्हणजे जमीनदाराला, जोशानं सांगितलं होतं की तुझा काळ रात्री बाराच्या ठोक्याला येईल. भाटकारानं म्हाताऱ्या घड्याळजीला बोलावलं. म्हणाला, 'मला बारा न वाजवणारं घड्याळ कर.' घड्याळजीनं नवी चकती कापली. ७८ ठोक्यांच्या जागी ७७. बाराला अकराच पडणार. दुपारी कुणाला फरक पडला नाही, देवळात चौघडा वाजत होता. रात्री मात्र गावात दुसरं काहीच वाजत नव्हतं.

"त्या गावाची राखण देवचार करायचा. बारावा ठोका पडला की उठायचा आणि काठी आपटत सीमेवरून फिरायचा. त्या रात्री अकरा ठोके पडले आणि घड्याळ गप्प झालं. देवचार बाराव्याची वाट बघत बसून राहिला. सीमेबाहेर कधीपासून काहीतरी उभं होतं. त्याला काठी ऐकू आली नाही. त्यानं एक पाऊल आत टाकलं."

इथे मी थांबतो. रोज रात्री एकच पाऊल. पहिल्या रात्री सीमेवरचा कुत्रा भुंकायचा थांबतो. दुसऱ्या रात्री पहिल्या घरचा कोंबडा आरवत नाही. तिसऱ्या घरात पाळण्यातलं मूल सकाळी रडत नाही, नुसतं बघत राहतं.

गावातलाच काळोख घ्या

परदेशी किल्ले आणि बर्फ नको. मुलांना देवचार ठाऊक असतो. त्याला रोट देताना त्यांनी पाहिलेलं असतं, रात्री काठी ऐकल्याचं आजीनं सांगितलेलं असतं. मी त्याला भुतांत धरत नाही. तो राखणदार आहे, त्याचा मान ठेवूनच गोष्टीत आणतो. 'खाप्री' हे भुताचं नाव मात्र मी वापरायचं सोडलं. पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांची आठवण त्यात आहे, आणि मुलांना त्या माणसांची भीती घालण्यात मला काही भलं दिसत नाही.

आवाजही जवळपासचेच शोधा. जुन्या गोव्यात संत आगुस्तीनच्या चर्चचा मोडका मनोरा उभा आहे. चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं. तिथली घंटा आज पणजीच्या चर्चवर वाजते. मनोरा एकीकडे, त्याचा आवाज नदीच्या खालच्या अंगाला. मुलांना घेऊन एकदा दोन्ही जागी जा. पुढची गोष्ट त्यांच्याच तोंडून निघेल.

आणि सीमेबाहेर काय उभं आहे ते शेवटपर्यंत सांगायचं नाही. "कसं दिसतं?" असं विचारलं तर, "ज्यांनी पाहिलं त्यांना सांगता आलं नाही," एवढंच.

किंमत आधी ठरवा

मधेच सुचेल म्हणून सुरुवात करू नका. ठोका परत कोण आणणार आणि त्यासाठी काय जाणार, हे तोंड उघडण्याआधी पक्कं हवं. माझ्या गोष्टीत घड्याळजीची नात रोज रात्री ठोके मोजते. अकराच का, म्हणून आजोबांना विचारते. आजोबा कबूल करतात आणि म्हणतात, "ज्या हातांनी ठोका चोरला, ते हात बाराव्या ठोक्याबरोबर थांबतील." हे माहीत असूनही तेच उठून तिच्या हातात हातोडी देतात. अकरा पडतात, आणि ती तांब्याच्या घंगाळावर बारावा मारते. दूर सीमेवर काठी आपटल्याचा आवाज येतो. सकाळी भाटकाराच्या खुर्चीत त्याचा चष्मा असतो, भाटकार नसतो. पाळण्यातलं मूल भोकाड पसरतं. घड्याळजीचे हात मांडीवर पडलेले असतात. त्या दिवसापासून गावातल्या सगळ्या घड्याळांना चावी नात देते.

सहा वर्षांखालच्या मुलांना ही गोष्ट सांगू नये. आठ-नऊच्या पुढची मुलं आजोबांच्या हातांपाशी गप्प होतात. तिथे समजूत घालायला जाऊ नका. त्यांना थोडा वेळ द्या.

लंबक टांगा आणि सांगा

डच शास्त्रज्ञ ह्युगेन्सनं १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ केलं ते ज्या गुणावर, तो दोऱ्यानंही दिसतो. दोऱ्याला जड नट बांधून खिळ्याला टांगा. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत सुमारे ९९ सेंटिमीटर अंतर ठेवलं की एका बाजूनं दुसरीकडे जायला एक सेकंद लागतो. २५ सेंटिमीटरला अर्धा. वजनानं फरक पडत नाही, लांबीनं पडतो. मागे पणती ठेवली की भिंतीवर सावली डोलते. सांगताना मी लांब दोरा घेतो. 'एक पाऊल आत टाकलं' म्हटलं की सावलीचे चार झोके जाऊ देतो. चार सेकंद गप्प राहणं सांगणाऱ्याला फार लांब वाटतं. ऐकणाऱ्याला वाटत नाही.

आवाज वाढवू नका. भीतीच्या जागी उलट खाली आणा, म्हणजे मुलं पुढे सरकतात.

आणि गोष्ट अर्धी सोडू नका. एकदा तिसऱ्या पावलापाशी वीज आली, टीव्ही लागला आणि मीही उठलो. धाकटा भाचा दोन रात्री झोपला नाही. दार लावलं का, म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याच्यासाठी ते तिथेच, तिसऱ्या घराशी उभं होतं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी त्याला मांडीवर घेऊन उरलेली गोष्ट पूर्ण सांगितली आणि त्या रात्री तो झोपला. आपल्या कहाण्या 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हणून संपतात. ते शब्द म्हणजे दाराची कडी आहे. मी ते प्रत्येक काळोख्या गोष्टीच्या शेवटी स्पष्ट म्हणतो.

राहिली वेळ. माझी गोष्ट वीस मिनिटांची, म्हणून साडेआठ वाजून गेल्यावर पाच मिनिटांनी सुरू करतो. 'सुफळ संपूर्ण' झालं की पणती विझवायची नाही, काही बोलायचं नाही. ओसरीवरचं घड्याळ आधी खरखरतं, मग ठोके द्यायला लागतं. गेल्या पावसाळ्यात मुलं आपणहून बोटांवर मोजायला लागली. नऊ झाले. मोठी भाची हसली आणि उठली. धाकटा दहावं बोट उघडं ठेवून आणखी थोडा वेळ ऐकत बसला.