रुकी ‘बस्ट’ आहे का यावर भांडताय? आधी या चुका टाळा

स्कूट हेंडरसनचं पहिलं वर्ष आठवतंय ना? एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, २०२३ च्या ड्राफ्टमधे (टीम नवीन खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) तिसरा आला, वय १९, पोर्टलँडमधे पाऊल ठेवलं आणि सीझन सुरू व्हायच्या महिनाभर आधी टीमने डेमियन लिलार्डला मिलवॉकीला पाठवलं. म्हणजे अकरा सीझन ज्याने टीम खांद्यावर वाहिली त्याच्या जागी हे पोरगं उभं राहिलं. सीझन संपला तेव्हा मॅचमागे १४ पॉइंट, ५.४ असिस्ट (ज्या पासवर बास्केट होतं तो), ३.४ टर्नओव्हर (हातचा बॉल गमावणं) आणि फील्ड गोल, म्हणजे फ्री थ्रो सोडून बाकीचे शॉट, ३८.५ टक्के, टीम २१ जिंकली आणि ६१ हरली. मी त्या वर्षभर आमच्या ग्रुपमधे हा पोरगा ‘बस्ट’, म्हणजे वाया गेलेली निवड, आहे का यावरून वाद घातलेत, आणि आता मागे वळून बघताना वाटतं की दोन्ही बाजू चुकीच्या गोष्टींवर भांडत होतो. दर वर्षी रुकीचं, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूचं, नाव बदलतं, चुका त्याच असतात, म्हणून लिहितोय.

फक्त बॉक्स स्कोअर बघून निकाल देणं

बॉक्स स्कोअर म्हणजे मॅचच्या आकड्यांचा तक्ता. ही आपल्याकडे सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि त्याला कारणही आहे. पोर्टलँडची घरची मॅच हिवाळ्यात आपल्या घड्याळात सकाळी साडेआठला सुरू होते, तेव्हा आपण लोकलमधे नाहीतर ऑफिसच्या वाटेवर, मग दुपारी जेवताना स्कोअर उघडायचा, १५ पैकी ४ दिसलं की झालं, ‘हा काही चालत नाही’. पण ते ११ शॉट चुकले कसे हे त्या ओळीत नसतं.

स्कूटचंच घ्या. पिक अँड रोल नावाच्या प्लेमधे मोठा खेळाडू स्क्रीन लावायला, म्हणजे डिफेंडरची वाट अडवून उभं राहायला, वर आला की समोरचा डिफेंडर स्क्रीनच्या पुढून न येता मागून निघून जायचा आणि थेट पेंटच्या, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनाच्या, तोंडाशी जाऊन उभा राहायचा. सरळ हिशोब होता, तू थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मार, आम्ही नाही अडवत. मग याच्यापुढे दोनच रस्ते, एक तर ड्रिबलवरून थ्री किंवा भरलेल्या पेंटमधे घुसणं, कारण कोपऱ्यातल्या शूटर्सना सोडून मदतीला येणारे आधीच आत सरकलेले असायचे. त्यात अँफर्नी सायमन्स पहिल्याच मॅचनंतर अंगठ्याच्या दुखापतीने बरेच आठवडे बाहेर, म्हणजे डिफेन्सला ओढून धरणारा दुसरा गार्डही नाही. हे सगळं बघितलं की ३८.५ टक्क्यांचा अर्थ बदलतो. चांगला होत नाही हां, फक्त बदलतो. ‘याला खेळता येत नाही’ आणि ‘याला अजून ड्रिबलवरून थ्री मारता येत नाही म्हणून बाकीचं सगळं अडतंय’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि दुसऱ्या वाक्यावर इलाज आहे.

पूर्ण मॅच बघायला वेळ नसेल तर एकच काम करा, त्याचे चुकलेले शॉट तेवढे बघा. दहा मिनिटं पण लागत नाहीत. हायलाइट्सपेक्षा त्यातून कितीतरी जास्त कळतं.

थोड्या शॉटवरून शूटिंगचं भविष्य सांगणं

शितावरून भाताची परीक्षा भाताला ठीक आहे, थ्री पॉइंटला नाही. साधा हिशोब करा. रुकीने पूर्ण सीझनमधे ३०० थ्री मारले, आणि ३०० म्हणजे भरपूर झाले बरं का. ३२ टक्के म्हणजे ९६ पडले, ३६ टक्के म्हणजे १०८. फरक बारा शॉटचा. सहा महिन्यांत बारा शॉट रिंगवर फिरून बाहेर आले की पोरगं ‘शूटर नाही’, आत पडले की ‘भविष्य उज्ज्वल’. आणि आपण तर नोव्हेंबरमधेच ४० शॉटवरून भांडायला लागतो!

त्यापेक्षा फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, बघा. तिथे समोर कोणी नसतं, अंतर तेच, लय तीच, त्यामुळे हात मुळात कसा आहे ते जास्त खरं दिसतं. स्कूट पहिल्या वर्षी थ्रीमधे ३२.५ टक्क्यांवर अडकला होता पण फ्री थ्रो ८० टक्क्यांच्या वर होते, त्यामुळे हाताचा बेस ठीक आहे असं म्हणायला जागा होती. दुसऱ्या वर्षी थ्री ३५ टक्क्यांच्या पुढे गेले. ही गॅरंटी नव्हे, पण नुसत्या थ्रीच्या टक्क्यांपेक्षा खूप बरा पुरावा.

समर लीगचं, म्हणजे सीझनआधी उन्हाळ्यात होणाऱ्या नवख्यांच्या मॅचचं, तर बोलूच नका. अलेक्स सार २०२४ च्या ड्राफ्टचा दुसरा पिक, म्हणजे दुसरा निवडलेला खेळाडू, लास व्हेगासला एका मॅचमधे १५ शॉट मारले आणि १५ च्या १५ चुकले, लोकांनी जुलैमधेच त्याला गाडून टाकला. सीझनच्या शेवटी तोच पोरगा ऑल रुकी फर्स्ट टीममधे, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोत्तम पाच रुकींत, होता. अजून त्याला बरंच शिकायचंय, नाही असं नाही, पण जुलैच्या मॅचवरून काही सिद्ध होत नाही.

‘यानिस पण पहिल्या वर्षी असाच होता’

आता दुसऱ्या बाजूची चूक, म्हणजे माझ्या बाजूची. आवडता रुकी चालत नसला की आपण लगेच यानिस अँटेटोकुन्म्पोचं उदाहरण काढतो. १५ वा पिक, पहिल्या वर्षी ६.८ पॉइंट, पुढे २०१९ आणि २०२० चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), २०२१ ची चॅम्पियनशिप. खरं आहे सगळं. पण त्याच २०१३ च्या ड्राफ्टमधे पहिला पिक होता अँथनी बेनेट, त्याचे एनबीएतले पहिले १६ शॉट चुकले, रुकी वर्षात ४.२ पॉइंट, आणि चार सीझनमधे चार टीम फिरून लीगच्या बाहेर. कमी पॉइंट दोघांचेही होते. म्हणजे ‘सुरुवात खराब होती’ यातून एकटंच काही निघत नाही, ना चांगलं ना वाईट.

आणि अजून एक, त्या वर्षीचा रुकी ऑफ द इयर होता मायकल कार्टर विल्यम्स, १६.७ पॉइंट, ६.३ असिस्ट, ६.२ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेला बॉल). दीड वर्षात फिलाडेल्फियाने त्याला ट्रेड केला, तो गेला मिलवॉकीला, यानिसच्याच टीममधे! रुकी वर्षाच्या पॉइंटवरून रांग लावली असती तर ती चुकीचीच लागली असती.

मग फरक कुठे दिसत होता? यानिस १८ व्या वर्षी ग्रीसच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून आला होता, अजून उंची वाढत होती, आणि तेव्हाही एखाद्या मॅचमधे मागून धावत येऊन ब्लॉक मारायचा, स्वतःच बॉल घेऊन चार ढांगांत पलीकडे पोचायचा. पॉइंट कमी, पण दुसऱ्या कोणाला जमत नाही असं काहीतरी दर दोन-तीन मॅचला दिसायचं. मी आता कुठल्याही रुकीत हेच शोधतो. अमेन थॉम्पसन घ्या, स्कूटच्या लगेच नंतरचा चौथा पिक, थ्री जवळजवळ पडतच नव्हते, पण डिफेन्समधे पाय असे चालायचे की नजर हटत नव्हती, आणि २०२५ मधे ऑल डिफेन्सिव्ह फर्स्ट टीममधे, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम पाच डिफेंडरांत, आला.

वय आणि मिनिटं न बघता तुलना

शार्लटने स्कूटला सोडून ब्रँडन मिलरला घेतलं यावरून किती भांडणं झाली. मिलर पहिल्या वर्षी भारी खेळलाच, त्यात वाद नाही. पण तो स्कूटपेक्षा चौदा महिन्यांनी मोठा आहे, आणि त्या वयात चौदा महिने म्हणजे शरीरात खूप फरक. मिनिटांचंही तसंच. जेलन ब्राउनच्या निवडीवर बोस्टनच्या फॅन्सनी २०१६ च्या ड्राफ्टच्या रात्री हूटिंग केलं होतं, पहिल्या वर्षी चांगल्या टीममधे जेमतेम १७ मिनिटं मिळाली आणि ६.६ पॉइंट, २०२४ ला तोच फायनल्सचा एमव्हीपी. त्याच्या आधी याच टीमने चॉन्सी बिलप्सला, तोही ब्राउन आणि स्कूटसारखाच तिसरा पिक, ५१ मॅचनंतर ट्रेड करून टाकला होता. २००४ मधे तो डेट्रॉइटकडून फायनल्सचा एमव्हीपी झाला.

दुखापतीला ‘डोक्याचा प्रॉब्लेम’ म्हणणं

हे मात्र मनापासून सांगतो, हे करू नका. मार्केल फुल्ट्झ २०१७ चा पहिला पिक, शॉट अचानक मोडला, फ्री थ्रोला हात मधेच अडकायचा, आणि वर्षभर जगाने त्याचे व्हिडिओ फिरवून टिंगल केली. डिसेंबर २०१८ मधे निदान झालं की मान आणि खांद्याच्या मधे नसा दाबल्या जातायत. १९ वर्षांचं पोर होतं ते! खांदा वर जात नाही आणि लोक म्हणतायत घाबरतो. एखाद्याची शॉटची पद्धतच रातोरात बदललेली दिसली तर आधी शरीराचा विचार करा.

मग बघायचं काय

निकाल द्यायची घाई टीमलाही एवढी नसते. पहिल्या राउंडच्या पिकचा करार चार वर्षांचा, त्यातली पहिली दोन पक्की, तिसऱ्या वर्षाचा ऑप्शन, म्हणजे करार पुढे न्यायचा की नाही, हे टीमला दुसरा सीझन सुरू होताना ३१ ऑक्टोबरपर्यंत ठरवावा लागतो. म्हणजे टीमसुद्धा किमान एक पूर्ण सीझन आणि एक उन्हाळा बघूनच बोलते.

मी सध्या असं करतो, नोव्हेंबरची एक मॅच आणि मार्चची एक मॅच घेतो, शक्यतो समोरची टीम तीच, आणि एकच प्ले शोधतो. गार्ड असेल तर स्क्रीननंतरचे दोन ड्रिबल. नोव्हेंबरमधे स्क्रीनमधून बाहेर आल्यावर डोळे रिंगवरच खिळलेले असतात, मदतीला कोण येतंय हे उडी मारल्यावर कळतं, आणि मग हवेतूनच कुठेतरी पास, टर्नओव्हर. मार्चमधे तोच पोरगा दुसऱ्या ड्रिबलला वेग कमी करतो का, डिफेंडरला पाठीवर घेऊन थांबतो का, कोपऱ्यातला माणूस पाय रोवून उभा राहीपर्यंत वाट बघतो का? शॉट पडला की नाही ते सोडून द्या, तेवढे दोन ड्रिबल बघा, आणि ग्रुपवर वाद घालायचाच असेल तर ती क्लिप टाकून घाला.