खरखर नसलेली आकाशवाणी आणि जगभरातली केंद्रे, मोबाइलवर मोफत

पुण्यातल्या सिमेंटच्या इमारतींत मध्यम लहरींवरचे आकाशवाणी पुणे केंद्र अनेकदा खरखरत ऐकू येते आणि मोबाइलवर फुकट गाणी लावावीत, तर मधेमधे जाहिराती रसभंग करतात. माझ्या घरी यावर पुढील उपाय उत्तम लागू पडला.

१. प्रसार भारतीचे ‘न्यूज ऑन एअर’ हे मोफत ॲप घ्यावे. त्यात पुणे केंद्र व विविध भारती तर आहेतच, पण खरा ठेवा म्हणजे २०१६ साली सुरू झालेली, हिंदुस्थानी व कर्नाटक संगीत चोवीस तास ऐकवणारी ‘रागम’ ही वाहिनी. पहाटेच्या रियाजापूर्वी किंवा स्वयंपाक करताना ती लावून ठेवण्यासारखे सुख नाही.

२. दूरदेशीचे संगीत हवे असल्यास ‘रेडिओ गार्डन’ हे जगभरातली केंद्रे ऐकवणारे ॲप उघडावे. पृथ्वीचा गोल फिरवून एखाद्या हिरव्या ठिपक्यावर थांबले की तिथले केंद्र वाजू लागते. नावनोंदणी लागत नाही.

३. आवडलेले केंद्र लगेच ‘आवडती’ यादीत टाकावे, कारण पुन्हा शोधताना ते सहसा हाती लागत नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) दर्जाचे प्रक्षेपण तासाला साधारण ५८ एमबी डेटा घेते, म्हणजे रात्री सात तास रेडिओ चालू राहिल्यास सुमारे ४०० एमबी संपतात. त्यामुळे घरी वायफायवरच ऐकावे आणि झोपण्यापूर्वी ॲप पूर्ण बंद केल्याची खात्री करावी.