एडब्ल्यूएस-न्यूक सगळं उडवतं, व्हीपीसी तेवढा राहतो : नव्यांसाठी

एडब्ल्यूएसवरचं (ॲमेझॉनच्या क्लाउडवरचं) सरावाचं अकाउंट एडब्ल्यूएस-न्यूकने, म्हणजे अकाउंटमधलं सगळं डिलीट करणाऱ्या टूलने, साफ करायला घेतलं की यादी भराभर रिकामी होते. मग एक सिक्युरिटी ग्रुप (ये-जा ठरवणारे फायरवॉलचे नियम), एक सबनेट (नेटवर्कचा एक भाग) आणि व्हीपीसी (अकाउंटमधलं तुमचं खाजगी नेटवर्क) एवढेच अडून बसतात. एरर येते 'डिपेंडन्सी व्हायोलेशन', म्हणजे दुसरं काहीतरी अजून यांच्यावर अवलंबून आहे. अशा वेळी तेच टूल परत परत चालवू नका. ते आपणहून पुन्हा प्रयत्न करतंच. थांबलंय म्हणजे अडचण त्याच्या हाताबाहेरची आहे.

मला या प्रकाराने फार छळलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. लॅम्डा ही सर्व्हर न सांभाळता कोड चालवणारी सेवा. व्हीपीसीला जोडलेलं लॅम्डा फंक्शन असेल तर लॅम्डा तुमच्या सबनेटमध्ये नेटवर्क इंटरफेस (आभासी नेटवर्क कार्ड) तयार करते. फंक्शन डिलीट केलं तरी तो लगेच जात नाही, 20 मिनिटंही लागू शकतात. तो काढताना लॅम्डा वापरते त्या फंक्शनचाच एक्झिक्युशन रोल, म्हणजे फंक्शनला परवानग्या देणारा रोल. आणि आपलं टूल? फंक्शनबरोबर रोलही उडवून मोकळं होतं. आता इंटरफेस काढायची परवानगीच लॅम्डाकडे उरत नाही. इंटरफेस आहे म्हणून सिक्युरिटी ग्रुप जात नाही, सबनेट जात नाही, मग व्हीपीसी कुठून जाणार? एरर मात्र सिक्युरिटी ग्रुपचं नाव घेते, आणि आपण त्याचे रूल्स तपासत बसतो.

"ॲडमिन ॲक्सेस देऊन टाक, होईल" असं सांगणारे सीनियर प्रत्येक टीममध्ये असतात. त्यांचं इथे ऐकू नका. तुमची परवानगी कितीही वाढवली तरी लॅम्डाचा गेलेला रोल परत येत नाही.

ईसीटूच्या (एडब्ल्यूएसच्या आभासी सर्व्हर सेवेच्या) कन्सोलमध्ये नेटवर्क इंटरफेसेस उघडा, सिक्युरिटी ग्रुपच्या आयडीने गाळा आणि डिस्क्रिप्शन वाचा. त्यात लॅम्डाचं नाव दिसलं की चोर सापडला. स्टेटस 'अव्हेलेबल' असेल तर हाताने डिलीट करा. 'इन-यूज' असेल तर आधी त्या रीजनमध्ये (एडब्ल्यूएसच्या त्या भौगोलिक विभागात) फंक्शनचं एखादं जुनं पब्लिश केलेलं व्हर्जन उरलंय का ते बघा.

पुढच्या वेळी पहिल्या फेरीत आयएएम (एडब्ल्यूएसची परवानग्यांची सेवा) रोल वगळा. नुसता रोल वगळून भागत नाही! रोलला जोडलेली पॉलिसी (परवानग्यांची यादी) हा टूलच्या लेखी वेगळा रिसोर्स असतो, तीही वगळा. ती उडाली तर रोल जागेवर असूनही उपयोग शून्य. इनलाइन पॉलिसीचंही (थेट रोलमध्येच लिहिलेल्या पॉलिसीचंही) तेच. इंटरफेस गेले की दुसऱ्या फेरीत हे सगळं काढा.

घाबरू मात्र नका. रिकाम्या व्हीपीसीचे, सिक्युरिटी ग्रुपचे पैसे लागत नाहीत. बिल वाढवतात नॅट गेटवे (खाजगी सबनेटला इंटरनेटपर्यंत नेणारा दुवा) आणि पब्लिक आयपीव्हीफोर पत्ते (इंटरनेटवरचे आयपी ॲड्रेस). 1 फेब्रुवारी 2024 पासून वापरातल्या पत्त्यालाही तासाला 0.005 डॉलर पडतात. ते आधी बघा. केएमएसची (एन्क्रिप्शन की सांभाळणाऱ्या सेवेची) की 'पेंडिंग डिलीशन'मध्ये 7 ते 30 दिवस दिसत राहते, तो बिघाड नाही. एसथ्री बकेटला (फाइली साठवायच्या जागेला) कम्प्लायन्स मोडमधलं ऑब्जेक्ट लॉक (ठरावीक मुदतीपर्यंत फाइल डिलीट होऊ न देणारं कुलूप) असेल तर मुदत संपेपर्यंत रूट युजरलाही (अकाउंटच्या मूळ मालकालाही) त्या ऑब्जेक्टची लॉक केलेली व्हर्जन्स काढता येत नाहीत. तिथे वेळ घालवू नका.