सुपरहिरोच्या पिक्चरमधून अमेरिका कशी वाचायची

आधी एकच हिरो पकडा. दहा हिरोंचे वीस पिक्चर बघून डोकं गरगरतं आणि हाताला काही लागत नाही, पण एकाच हिरोचे वेगवेगळ्या काळातले दोन-तीन पिक्चर लागोपाठ बघितले की अमेरिकन लोकांना स्वतःच्या देशाबद्दल काय वाटत होतं आणि ते कसं बदलत गेलं हे दिसायला लागतं.

सुपरमॅनच घ्या. सत्य, न्याय आणि अमेरिकन वे (म्हणजे अमेरिकन जीवनपद्धत) ही त्याची फेमस लाइन काही पहिल्यापासून नव्हती, ती 1942 मध्ये रेडिओवर आली, म्हणजे ऐन महायुद्धात. 1978 च्या पिक्चरमध्ये तो लोइस या पत्रकार बाईला हेच सांगतो तर ती लगेच म्हणते, मग तुला या देशातल्या निवडून आलेल्या प्रत्येकाशी भांडावं लागेल! हा सीन परत मागे घेऊन बघा, कारण वॉटरगेट या राजकीय हेरगिरीच्या घोटाळ्यामुळे राष्ट्राध्यक्ष निक्सनने राजीनामा दिला 1974 ला, म्हणजे जेमतेम चार वर्षं झाली होती, आणि तरी सुपरमॅन तिच्यासमोर अगदी मनापासून बोलतो, पिक्चर त्याची टिंगल करत नाही. मला हा सगळ्या सुपरहिरो पिक्चरमधला सगळ्यात प्रामाणिक सीन वाटतो. पुढे 2006 च्या सुपरमॅन पिक्चरमध्ये, म्हणजे इराक युद्ध चालू असताना, लोइसच्या पेपरचा एडिटर सत्य, न्याय एवढं म्हणतो आणि राहिलेलं "वगैरे वगैरे" करून उडवून लावतो. 2021 मध्ये तर सुपरमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या डीसी कंपनीने घोषवाक्यच बदललं, अमेरिकन वे गेलं आणि त्याजागी "अधिक चांगला उद्या" आलं.

दुसरं म्हणजे शत्रू कुठून येतो ते बघायचं, बाहेरून का घरातून. आयर्न मॅन 1963 च्या कॉमिकमध्ये व्हिएतनाममध्ये पकडला जातो, 2008 च्या पिक्चरमध्ये अफगाणिस्तानात. नुसतं युद्ध बदललं असं वाटेल, पण पिक्चरमध्ये अतिरेक्यांच्या हातातल्या हत्यारांवर त्याच्याच कंपनीचं नाव असतं, आणि खरा व्हिलन त्याच्याच ऑफिसात बसलेला असतो. तरी याच पिक्चरचं शूटिंग अमेरिकन एअर फोर्सच्या एडवर्ड्स बेसवर त्यांच्या मदतीने झालं, म्हणून शेवटची नावं येईपर्यंत बसा आणि आभार कोणाचे मानलेत ते वाचा, पिक्चर सैन्यावर किती टीका करू शकतो याचा अंदाज तिथे येतो.

एक चूक मात्र करू नका, रिलीजच्या वर्षातली बातमी पिक्चरला चिकटवू नका. कॅप्टन अमेरिकाचा 2014 चा विंटर सोल्जर बघून सगळे स्नोडेनचं, म्हणजे अमेरिकन सरकार लोकांवर पाळत ठेवतं हे उघड करणाऱ्या माणसाचं नाव घेतात, पण त्याने फोडलेली गुप्त कागदपत्रं बाहेर आली जून 2013 मध्ये आणि तेव्हा शूटिंग सुरू होऊन गेलं होतं. स्क्रिप्ट त्याच्याही आधीची, ड्रोन हल्ल्यांवरून आणि मारायच्या लोकांच्या याद्यांवरून अमेरिकेत जो वाद चालू होता त्या दिवसांतली. म्हणून रिलीजच्या दोन-तीन वर्षं आधीच्या बातम्या काढून वाचायच्या.

सुरुवात करायची असेल तर कॅप्टन अमेरिकाचा 2011 चा आणि हा 2014 चा असे दोन एकाच वीकेंडला बघा. पहिल्यात तो सरकारसाठी लढतो, दुसऱ्यात तो ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याच विरुद्ध उभा राहतो, आणि त्या लढाईला जायच्या आधी म्युझियममधून स्वतःचा महायुद्धातला जुना युनिफॉर्म चोरून घालतो. तिथे पॉज करा आणि नवा सोडून जुनाच का घातला ते सोबत बघणाऱ्याला विचारा.