दुब्रोवनिकहून कोटरले जायचं असलं तर

आमच्या पाटणबोरीहून पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणा, आदिलाबादले बाजाराले जाताना कोणी आधार कार्डसुद्धा विचारत नाही. त्याच सवयीनं क्रोएशियातल्या दुब्रोवनिकहून मॉन्टेनेग्रोतल्या कोटरले जायले निघाल तर फसाल बाप्पा, अंतर जेमतेम 90 किलोमीटर असलं तरी.

पहिले व्हिसा पाहा. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, मॉन्टेनेग्रो नाही. चालू शेंगेन व्हिसा असला की आपल्या पासपोर्टवर मॉन्टेनेग्रोत 30 दिवसांपर्यंत राहता येते, वेगळा व्हिसा लागत नाही, पण खरी गोम परतीत आहे, व्हिसा सिंगल एन्ट्रीचा असला तर क्रोएशियातून बाहेर पडले की तो संपला, अन परतीचं विमान दुब्रोवनिकहून काढलं असलं तर बसा डोकं धरून. मल्टिपल एन्ट्रीच मागा. पैशाचा ताप नाही, दोन्हीकडे युरोच चालते.

बसनं जाल तर उजवीकडची खिडकी पकडा, समुद्र त्याच बाजूनं आहे. डिक्कीत बॅग टाकायचे पैसे ड्रायव्हर वेगळे मागते, नगदी. मी 50 युरोची नोट काढली तर त्यानं असं पाहिलं जसं दहाच्या तिकिटाले पाचशे दिल्यावर आपला कंडक्टर पाहते. बॉर्डरवर दोनदा थांबा, आधी क्रोएशियाची चौकी मग थोडं पुढं मॉन्टेनेग्रोची. आमच्या ड्रायव्हरनं सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून दिले, बाकीचे परत आले अन माझाच राहिला, खिडकीतला साहेब एकेक पान उलटून पाहून राहिला होता अन अख्खी बस माझ्याकडे. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट कागदावर छापून जवळ ठेवा. परत येताना क्रोएशियावाले आता फोटो अन बोटांचे ठसे घेतात, जुलै-ऑगस्टात रांग लय लांबते, त्याच दिवशीचं विमान ठेवू नका.

गाडी भाड्यानं घेतली तर देशाबाहेर न्यायची परवानगी अन ग्रीन कार्ड, म्हणजे तिकडच्या विम्याचा कागद, चावी हातात घ्यायच्या आधीच मागा. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओतूनच निघते. मॉन्टेनेग्रोत भर दुपारीही हेडलाईट चालू लागतात. वाटेत कामेनारीले गाडीसकट खाडी ओलांडून देणारी फेरीबोट आहे, पुढं बुद्वा गावाले जायचं तर घ्या, कोटरलेच जायचं तर घेऊ नका, खाडीकाठच्या पेरास्त गावावरून वळसा घाला, डिझेल जाते तर जाऊ द्या.